नेपोलियनसोबत इजिप्तला गेलेल्या माणसाचं गणित आज पारनेरच्या सोलर लाईनीवर कामाला येतंय

एप्रिल महिना, दुपारचा एक वाजलेला. नगर जिल्ह्यात या टायमाला माणूस सावली सोडत नाही. पण ज्यानं घराच्या स्लॅबवर सोलर बसवलाय त्याची हीच कमाईची वेळ. ऊन कडक, पॅनल जोरात, नेट मीटरमध्ये युनिट जमा व्हायला पाहिजेत.

आणि नेमका तेव्हाच इन्व्हर्टर बंद पडतो. स्क्रीनवर ओव्हर व्होल्टेज असं लिहून येतं. थोड्या वेळानं आपोआप चालू होतो, परत पडतो.

अशाच लाईनीवर पुढं कुठं विहिरीवरची मोटार वेगळाच आवाज काढायला लागते, कुठं कपॅसिटर फुगतो, कुठं डीपी नेहमीपेक्षा जास्त तापते. वीज असते, पण धड नसते. इंजिनीअर लोक याला पॉवर क्वालिटीचा प्रॉब्लेम म्हणतात. म्हणजे वीज आहे की नाही हा इथं प्रश्नच नसतो, ती कशी आहे हा असतो.

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याला हा विषय जवळचा आहे. २०१७ साली राज्य सरकारनं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, तेव्हा सुरुवातीच्या प्रयोगासाठी निवडलेल्या गावांत यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी होतं आणि आपल्या पारनेर तालुक्यातलं राळेगण सिद्धी होतं. गावाजवळच सोलर प्रकल्प उभा करायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. रात्री बिबट्याच्या भीतीनं दारं धरायला जावं लागू नये, हा त्यातला सरळ हिशोब.

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी मिळायला लागली आणि गावोगावच्या स्लॅबवर पॅनल दिसायला लागले.

सोलर वाढतोय ही चांगलीच गोष्ट आहे. पण या सगळ्या इन्व्हर्टरमधून लाईनीत शिरणारी वीज किती स्वच्छ आहे, हे मोजायचं कसं?

तर हे मोजायचं गणित एका फ्रेंच माणसानं २०० वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. तेव्हा विजेचा पंप नव्हता, ट्रान्सफॉर्मर नव्हता, आणि हा माणूस वीज मोजायला बसलाही नव्हता. तो एक लोखंडी कडं गार कसं होतं ते बघत होता.

त्याचं नाव जोसेफ फुरिये. इंजिनीअरिंगची पोरं त्याला फोरियर म्हणतात. त्याच्या नावाच्या सिरीजमुळं कित्येकांचा मॅथ्सचा बॅक राहिलाय. पण त्याचं आयुष्य पेपरात येत नाही, आणि खरी गंमत तर तिथंच आहे.

शिंप्याचं पोरगं, मेणबत्तीचे तुकडे

२१ मार्च १७६८. फ्रान्समधल्या ऑसेर नावाच्या गावात एका शिंप्याच्या घरी जोसेफ जन्माला आला. घरात पोरांची रांग. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत आई गेली, बाप गेला. पोरगं अनाथ झालं.

गावातल्या ओळखीच्या लोकांनी त्याला तिथल्या सैनिकी शाळेत घातलं. ही शाळा बेनेडिक्टाइन पंथाचे साधू चालवायचे. पोरगं आधी भाषेत हुशार होतं, तेराव्या-चौदाव्या वर्षी गणिताचं वेड लागलं. दिवसाचा वेळ पुरेना, म्हणून तो मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे गोळा करून ठेवायचा आणि रात्री सगळे झोपले की त्या उजेडात गणितं सोडवायचा, असं सांगतात. बेझू नावाच्या लेखकाचे गणिताचे सहा खंड त्यानं १४ व्या वर्षी संपवले होते.

त्याला तोफखान्यात अधिकारी व्हायचं होतं. पण त्या काळी फ्रान्समध्ये हुशारी पुरत नव्हती, घराणं लागायचं. शिंप्याच्या पोराचा अर्ज नामंजूर झाला.

मग दुसरा रस्ता उरला, मठाचा. १७८७ साली तो धर्मगुरू व्हायला एका मठात दाखल झाला. पण मन गणितातच. १७८९ साली राज्यक्रांती झाली आणि त्यानं दीक्षा न घेताच मठ सोडला. १७९० मध्ये तो आपल्याच जुन्या शाळेत मास्तर झाला.

गिलोटिन थोडक्यात हुकलं

क्रांतीनं त्याला भुरळ घातली. जन्मावरून माणसाची किंमत ठरणार नाही, ही गोष्ट त्याच्यासाठी पुस्तकी नव्हती. १७९३ मध्ये तो गावच्या क्रांती समितीत गेला.

पण त्याच वर्षी क्रांतीनं रंग बदलला. रोज माणसं गिलोटिनखाली जायला लागली. फुरियेला हे पटेना. त्यानं समितीचा राजीनामा देऊन पाहिला, तो घेतला गेला नाही. ऑर्लेआँ नावाच्या शहरात तो चुकीच्या गटाच्या बाजूनं बोलला आणि सत्तेतल्या लोकांच्या डोळ्यावर आला.

जुलै १७९४ मध्ये त्याला अटक झाली. आता आपला नंबर, हे त्याला कळून चुकलं होतं. पण २८ जुलैला रोबेस्पिएरचंच मुंडकं उडालं, वारं फिरलं आणि फुरिये सुटला. काही दिवसांच्या फरकानं हा माणूस वाचला.

पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये मास्तरांना शिकवणारी नवी शाळा निघाली, त्यात त्याची निवड झाली. शिकवायला कोण? लाग्रांज, लाप्लास आणि मोंज. म्हणजे त्या काळचे गणितातले तीन डोंगर. या तिघांची नावं लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहेत.

मध्येच १७९५ मध्ये त्याला परत एकदा उचललं. गंमत बघा, पहिल्यांदा रोबेस्पिएरच्या माणसांनी आत टाकलेलं, आता रोबेस्पिएरचा माणूस म्हणून आत टाकलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इकडं महेश्वरला अहिल्याबाई होळकरांचं निधन झालं. चौंडीच्या या लेकीचं नाव २०२४ साली आपल्या जिल्ह्याला मिळालं.

फुरिये यातूनही सुटला आणि दोन वर्षांत इकोल पॉलिटेक्निकमध्ये लाग्रांजच्याच जागेवर शिकवायला लागला.

नेपोलियनची स्वारी आणि कलेक्टरकी

१७९८ साली नेपोलियन इजिप्तवर निघाला. सोबत फौज होतीच, पण दीडशेच्या वर विद्वान, इंजिनीअर आणि चित्रकारही होते. त्यात ३० वर्षांचा फुरिये होता. कैरोमध्ये विज्ञानाची संस्था काढली तेव्हा तिचा सचिव त्यालाच केलं. नेल्सननं फ्रेंच आरमार बुडवलं, नेपोलियन गुपचूप फ्रान्सला परतला, पण फुरिये १८०१ पर्यंत तिथंच अडकून राहिला.

परत आल्यावर त्याला पॅरिसला शिकवायचं होतं. नेपोलियनच्या डोक्यात वेगळंच होतं. १८०२ मध्ये त्यानं फुरियेला आल्प्सच्या पायथ्याच्या इझेर जिल्ह्याचा प्रीफेक्ट केलं. मुक्काम ग्रेनोबल शहरात. प्रीफेक्ट म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारखंच पद.

आणि कलेक्टर म्हणून तो चांगला निघाला. बुर्ग्वाँ भागात मोठी दलदल होती, तापाची साथ कायम. ती काढायची तर तीसहून जास्त गावांची सहमती पाहिजे, आणि प्रत्येक गावाला वाटायचं की दुसऱ्याचा फायदा होणार. फुरियेनं गावोगावी बोलणी केली आणि सगळ्यांना तयार केलं. दलदल आटली, जमीन शेतीला आली. ग्रेनोबलहून इटलीतल्या तुरीनला जाणाऱ्या डोंगरातल्या रस्त्याचं कामही त्यानं पुढं रेटलं.

ग्रेनोबलमध्येच त्याला शांपोल्याँ नावाचा एक शाळकरी पोरगा भेटला. फुरियेनं त्याला इजिप्तहून आणलेल्या वस्तू दाखवल्या, पुढं सक्तीच्या सैन्यभरतीतून सूट मिळवून द्यायला मदत केली. याच पोरानं १८२२ साली इजिप्तच्या चित्रलिपीचं कोडं सोडवलं.

त्याच काळात इकडं आपल्या नगरमध्ये काय चाललं होतं? ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली नावाच्या इंग्रज सेनापतीनं शिंद्यांच्या फौजेकडून नगरचा भुईकोट घेतला. ८ तारखेला पेठ पडली, १२ तारखेला किल्ला. हे नावही लक्षात ठेवा. हा माणूस पुढं फुरियेची पेन्शन बुडवणार आहे.

लोखंडी कडं आणि सप्त्यातलं भजन

दिवसा जिल्ह्याचा कारभार आणि उरलेल्या वेळात फुरियेचा एकच नाद होता, उष्णता. एखादी वस्तू एका बाजूनं तापवली तर उष्णता आत कशी सरकते? तो लोखंडाचं कडं तापवायचा आणि कुठल्या ठिकाणी किती वेळानं किती तापमान आहे हे मोजत बसायचा.

अडचण अशी होती की तापलेल्या कड्याचं तापमान कुठं जास्त, कुठं कमी, कुठं एकदम तुटल्यासारखं. असल्या वाकड्यातिकड्या आकाराचं गणित मांडायचं कसं?

फुरियेनं डोकं लावलं. कितीही वेडावाकडा आकार घ्या, तो साध्या, गुळगुळीत लहरींची बेरीज म्हणून लिहिता येतो, असा त्याचा दावा. एक मोठी लहर, तिच्यावर दुप्पट वेगाची बारीक लहर, तिच्यावर तिप्पट वेगाची अजून बारीक. प्रत्येकीचं माप वेगळं. ती मापं शोधायचा हिशोबही त्यानं दिला.

हे समजायला गावातला हरिनाम सप्ता आठवा. पखवाज, टाळ, वीणा, पेटी आणि पन्नास गळे एकदम चालू असतात. कानाच्या पडद्यावर येतो तो सगळ्यांचा मिळून एकच हेलकावा. तरी आपल्याला पेटी वेगळी कळते, टाळ वेगळा कळतो. त्या एका हेलकाव्यातून प्रत्येक सूर किती जोरात आहे ते वेगळं करून दाखवायचं, हे फुरियेचं गणित.

पेटीची एकच पट्टी दाबली तरी मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे बारीक सूर निघतातच. त्यांना म्हणायचं हार्मोनिक्स. विजेच्या इंजिनीअरांनी हा शब्द संगीताकडूनच उचललाय.

गुरूंनीच पेपर अडवला

२१ डिसेंबर १८०७ ला फुरियेनं हे सगळं पॅरिसच्या विज्ञान संस्थेपुढं मांडलं. तपासायला कोण? तेच लाग्रांज, लाप्लास, मोंज आणि सोबत लाक्रुवा.

लाग्रांजला हे अजिबात पटलं नाही. गुळगुळीत लहरींच्या बेरजेतून टोकदार कोपरा कसा तयार होईल? लाप्लासचेही आक्षेप होते. पेपर छापला गेला नाही.

१८११ साली संस्थेनं याच विषयावर स्पर्धा ठेवली. फुरियेनं काम वाढवून परत पाठवलं. बक्षीस त्यालाच मिळालं, पण अहवालात शेरा होताच की गणिताचा काटेकोरपणा कमी आहे. परत छापलं नाही.

खरं सांगायचं तर आक्षेप अगदीच खोटे नव्हते. बेरीज नक्की कधी जुळते याचा पक्का पुरावा फुरियेकडं नव्हता. तो १८२९ मध्ये डिरिक्ले या जर्मन गणितज्ञानं दिला. पण उत्तरं प्रयोगाशी जुळत होती, आणि फुरियेला तेवढं पुरेसं होतं.

शेवटी १८२२ साली उष्णतेच्या सिद्धांतावरचं त्याचं पुस्तक आलं. पहिल्या पेपरपासून जवळपास १५ वर्षांनी.

वॉटर्लू आणि बुडालेली पेन्शन

मधल्या काळात राजकारणानं त्याला परत गाठलं. नेपोलियन पडला, एल्बा बेटावर गेला, राजेशाही परत आली. फुरिये नव्या राजाचाही प्रीफेक्ट म्हणून टिकला. पण मार्च १८१५ मध्ये नेपोलियन बेटावरून निसटला आणि थेट ग्रेनोबलच्या रस्त्यानं निघाला.

आता जुन्या मालकाचं स्वागत करायचं की नव्याशी इमान राखायचं? फुरिये शहर सोडून ल्याँकडं गेला. नेपोलियन भडकला, पण लगेच शांतही झाला आणि त्याला ल्याँच्या भागाचा प्रीफेक्ट केलं. काही आठवड्यांत तेही पद गेलं. मग नेपोलियननं त्याला वर्षाला ६००० फ्रँकची पेन्शन मंजूर केली, १ जुलैपासून सुरू.

पण १८ जूनला वॉटर्लू झालं. नेपोलियन कायमचा संपला. त्याला हरवणाऱ्या फौजेचा सेनापती होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे १२ वर्षांपूर्वी नगरचा किल्ला घेणारा तोच आर्थर वेलस्ली. फुरियेला पेन्शनचा एक फ्रँक मिळाला नाही.

पॅरिसमध्ये आकडेवारी खात्यात त्याला एक नोकरी मिळाली. १८१६ मध्ये विज्ञान अकादमीवर निवड झाली तर राजानं ती अडवली, नेपोलियनचा माणूस म्हणून. १८१७ मध्ये परत निवड झाली आणि १८२२ मध्ये तो अकादमीचा कायमचा सचिव झाला. बायकांना दारात उभं न करणाऱ्या त्या अकादमीत गणितज्ञ सोफी जर्मेनला बैठकींना बसता यावं, यासाठी त्यानं प्रयत्न केले.

पृथ्वी गोठत का नाही?

१८२४ मध्ये त्यानं एक लेख लिहिला, आणि सोलरच्या गोष्टीत त्याचं दुसरं पाऊल इथं पडतं. प्रश्न साधा होता. सूर्याची उष्णता पृथ्वीवर येते आणि परत अवकाशात जाते. मग पृथ्वीचं तापमान आहे ते कशामुळं टिकतं?

त्यानं सोस्युर नावाच्या शास्त्रज्ञाच्या पेटीचं उदाहरण घेतलं. आतून काळी पेटी, वर काचांचे थर, ठेवायची उन्हात. आपल्याकडच्या सोलर कुकरची ही आजी म्हणा. ऊन काचेतून आत सहज येतं, पण आत तयार झालेली उष्णता तितक्या सहज बाहेर जात नाही. हवाही असंच काहीतरी करते, असं फुरियेनं मांडलं.

त्याचे बाकीचे काही अंदाज पुढं चुकीचे ठरले, आणि यात कार्बन डायऑक्साइडचं नावही नव्हतं. ते काम पुढं १८५६ मध्ये युनिस फूटनं, १८५९ पासून टिंडलनं आणि १८९६ मध्ये अऱ्हेनियसनं केलं. पण कोळसा सोडून सोलरकडं का वळायचं, या आजच्या चर्चेची सुरुवात शोधायला गेलं तर हा लेख लागतोच.

तिसरं पाऊल त्यानं स्वतः टाकलं नाही. जर्मनीतल्या ओम नावाच्या मास्तरानं फुरियेचं पुस्तक वाचलं आणि विचार केला की धातूतून उष्णता जशी सरकते तशीच वीजही सरकत असेल. त्यातून १८२७ मध्ये आला ओमचा नियम. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स, हे आपण सगळे आठवी-दहावीत घोकलेलं.

इजिप्तहून आल्यापासून फुरियेला थंडी सोसत नसे. उन्हाळ्यातही तो गरम कपडे घालून तापवलेल्या खोलीत बसायचा, असं सांगतात. लग्न केलं नाही. १६ मे १८३० ला, वयाच्या ६२ व्या वर्षी, तो पॅरिसमध्ये गेला.

जाताना एक गोष्ट मात्र वाईट झाली. एव्हारिस्त गाल्वा नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं अकादमीच्या स्पर्धेसाठी पाठवलेला पेपर सचिव म्हणून फुरियेकडं होता. त्याच्या मरणानंतर तो कधी सापडलाच नाही. ज्याचा स्वतःचा पेपर इतकी वर्षं अडकला, त्याच्याच टेबलावरून दुसऱ्याचा हरवला.

आता परत आपल्या डीपीवर या

आपल्या घरात येणारी वीज ही एक लहर असते. २३० व्होल्टची, सेकंदाला ५० हेलकावे. जनरेटर गोल फिरतो, त्यामुळं ही लहर मुळात गुळगुळीत असते.

सोलर पॅनल मात्र डीसी वीज देतो. लहर नाही, सरळ रेष. इन्व्हर्टरमधले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन या रेषेचे तुकडे पाडतात आणि त्यातून लहर घडवतात. फिल्टर तिला घासून गुळगुळीत करतो. तरी थोडी कुरकुर राहतेच.

लोडशेडिंगच्या काळातला बॅटरीवरचा स्वस्त इन्व्हर्टर आठवतोय? त्याच्यावर पंखा घुंई करायचा. कारण तो लहर बनवायचाच नाही, चौकोनी खटके द्यायचा. ही चौकोनी लहर फुरियेनं १८०७ मध्येच सोडवून दाखवलेली. त्यात मूळ लहर, तिच्या तिप्पट वेगाची एक तृतीयांश, पाचपट वेगाची एक पंचमांश, अशी रांग लागते. सगळ्या जास्तीच्या लहरी मिळून मूळ लहरीच्या ४८ टक्के भरतात.

चांगला ग्रिडला जोडायचा इन्व्हर्टर यापेक्षा कितीतरी स्वच्छ असतो. कमजोर लाईनीवर या जास्तीच्या लहरी मिळून ५ टक्क्यांच्या आत असाव्यात, अशी आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ चे नियम याच मानकाकडं बोट दाखवतात. शिवाय लाईनीत डीसी ०.५ टक्क्यांच्या वर सोडायची नाही, अशीही अट आहे.

पण सकाळ, संध्याकाळ किंवा ढगाळ दिवशी इन्व्हर्टर अर्ध्या-पाव क्षमतेवर चालतो, तेव्हा ही टक्केवारी वाढते. करंटच कमी असल्यानं एकट्याचा त्रास फार नसतो. पण एकाच डीपीवर असे वीस-पंचवीस जोडले की मोजायलाच पाहिजे.

कारण या बारीक लहरी काम काही करत नाहीत, उष्णता मात्र करतात. २५० हर्ट्झची पाचवी लहर थ्री फेज मोटारीला उलट्या दिशेनं ढकलते, मोटार तापते. तिसरी लहर तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकत्र होते. लहर जितकी वेगवान तितका कपॅसिटर जास्त करंट ओढतो, आणि कधी कपॅसिटर आणि डीपीची अशी जोडी जमते की एखादी लहर फुगत जाते. उष्णतेवर आयुष्य घालवलेल्या माणसाचं गणित फिरून परत उष्णतेवरच येतं.

आता दुपारी एक वाजता बंद पडणारा इन्व्हर्टर. तिथं हार्मोनिक्स नाही, ओम आहे. दुपारी घरातला वापर कमी आणि सोलर भरपूर. वीज उलटी डीपीकडं जायला लागते. तार लांब आणि बारीक असेल तर तिच्या रेझिस्टन्समुळं शेवटच्या घराचं व्होल्टेज चढतं. २०१३ च्या नियमात व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर, म्हणजे २५३ च्या पुढं गेलं की २ सेकंदांत इन्व्हर्टरनं लाईन सोडायची आहे. म्हणजे तो बिघडलेला नसतो, नियम पाळत असतो. फक्त ऊन असताना युनिट बुडतात ते तुमचे.

सगळा दोष सोलरचाच, असं मात्र नाही. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, टीव्ही, कारखान्यातले मोटारीचे ड्राइव्ह, सगळे लाईनीत अशीच कुरकुर सोडतात. कोण किती सोडतंय हे अंदाजानं सांगता येत नाही. त्यासाठी पॉवर क्वालिटी अॅनालायझर नावाचं यंत्र लावतात. ते ०.२ सेकंदाचा, म्हणजे १० लहरींचा तुकडा घेतं आणि प्रत्येक हार्मोनिकचं माप वेगळं काढतं. आतमध्ये चालतं ते फुरियेचंच गणित.

मग तुम्ही काय करायचं?

इन्व्हर्टर घेताना फक्त किंमत आणि वॉरंटी बघू नका. टेस्ट सर्टिफिकेटमध्ये टीएचडी, म्हणजे जास्तीच्या लहरींची टक्केवारी बघा. पूर्ण लोडला किती आणि कमी लोडला किती, हेही विचारा.

इन्व्हर्टर दुपारी पडत असेल तर आठ दिवस तारीख, वेळ आणि स्क्रीनवरचं व्होल्टेज वहीत लिहा किंवा फोटो काढून ठेवा. अशी नोंद जोडलेला अर्ज तोंडी तक्रारीपेक्षा भारी पडतो. उपाय आहेत. डीपीचा टॅप बदलता येतो, तार जाड टाकता येते, तिन्ही फेजवर सोलरची वाटणी करता येते, इन्व्हर्टरच्या सेटिंगमधूनही व्होल्टेज आवरता येतं. पण त्यातला कुठला लागू पडेल हे मोजल्यावरच कळतं.

आणि गावात एकाच डीपीवर बरेच सोलर झाले असतील तर ग्रामसभेत एकत्र मागणी करा की इथं एकदा पॉवर क्वालिटी मोजा. दलदल आटवायला तीसहून जास्त गावं एका बैठकीला आणणाऱ्या कलेक्टरला ही कल्पना नक्की आवडली असती.

पॅरिसच्या आयफेल टॉवरवर ७२ शास्त्रज्ञ आणि इंजिनीअरांची नावं कोरली आहेत, त्यात फुरियेचं नाव आहे. पण त्याची खरी आठवण बघायची असेल तर एवढ्या लांब जायची गरज नाही. आपल्याच डीपीला अॅनालायझर लावायला लावा आणि स्क्रीनवर उभ्या राहणाऱ्या त्या लहानमोठ्या दांड्या बघा.

त्याचं गणित १५ वर्षं पडून राहिलं, तरी चाललं. आपल्या डीपीला तेवढा वेळ नाही.